जुन्या लेबलांची दोन रिळं

मला वस्तू टाकवत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. आइस्क्रीमचे डबे, मिठाईच्या खोक्यावरची रिबन, नव्या शर्टातल्या टाचण्या, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, सगळं माझ्या माहेरी जपलेलं असायचं. आई कराडची. कुणी काही टाकायला निघालं की ती हातातून काढून घ्यायची आणि म्हणायची, "असू दे गं, लागंल कवातरी." आणि लागायचं की! शाळेत ऐनवेळी पुठ्ठा मागितला तर आमच्या माळ्यावर पुठ्ठा असायचाच. त्यामुळे ही सवय वाईट आहे असं मला कधी वाटलं नाही. उलट फटाफट टाकून देणारी माणसंच मला माजोरडी वाटायची.

आयर्लंडात कॉर्कला भाड्याचं घर घेतलं तेव्हा स्वयंपाकघरातलं कपाट, इथे त्याला प्रेस म्हणतात, वर्षाच्या आत मी आइस्क्रीमच्या डब्यांनी भरून टाकलं. नवरा म्हणायचा, "दार उघडलं की डबे अंगावर येतात. एक दिवस यांच्याखाली सापडून मरेन मी." मी म्हणायचे, मर, पण डब्यांना हात लावायचा नाही.

नोकरी होती दिव्यांच्या कंपनीत. रिंगास्किडीच्या बसने अर्ध्या वाटेत उतरायचं आणि दहा मिनिटं आत चालायचं, की पत्र्याची लांब शेड. आपली बरीचशी मंडळी पुढे औषधांच्या कारखान्यांत जायची आणि त्याचा त्यांना कोण तोरा! दिवाळीच्या जेवणात कुणी विचारायचं, "तुम्ही कुठं असता?" मी सांगायचे, दिव्यांच्या कंपनीत, पॅकेजिंग प्लॅनर. लगेच समोरची बाई, "अय्या, म्हणजे खोक्यांवरची चित्रं काढता?"

डोंबल चित्रं! चाकणला अकरा वर्षं पॅकेजिंगमध्ये घासलेली बाई मी. फ्रान्सला बारा हजार बल्ब जायचे असले तर ते तीन-तीनच्या खोक्यात की सुटे, मोठ्या खोक्यात किती, पॅलेटवर किती थर, आत कुठल्या भाषेचा कागद, वर कुठलं लेबल, आणि हे सगळं शुक्रवारच्या ट्रकला तयार असेल का, हे मी ठरवायचं. बल्ब चांगला निघाला तर कंपनीचं नाव. लेबल चुकलं तर माझं.

आणि माझं परमिट त्या कंपनीच्या नावावर होतं. दोन हजार एकोणीसच्या नोव्हेंबरात आलो. दोन वर्षं धड काढली की मोकळं कार्ड मिळणार, मग कुठंही काम करा. तोवर नोकरी गेली तर घर, लेकीची शाळा, सगळं गुंडाळून परत. नवरा एका हॉटेलात रिसेप्शनला लागला होता. वीसच्या मार्चमध्ये हॉटेलला कुलूप लागलं आणि तो घरी बसला. म्हणजे तिघांचा डोलारा माझ्या एका नोकरीवर.

शेडमध्ये पॅकिंगच्या लाइनवर एक बाई होती. पासष्टीची, बुटकी, मनगटं पुरुषासारखी. एकतीस वर्षं त्याच छपराखाली काढलेली. दिव्यांच्या आधी तिथे दुसरंच काही बनायचं, तेव्हापासूनची. मी मनातल्या मनात तिला मावशी म्हणायचे. ती मला "गर्ल" म्हणायची, कॉर्कच्या बायका एकमेकींना म्हणतात तसं, वय काही का असेना. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी एका ऑर्डरीला पॅलेटवर सहा थर लिहिले. ती कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "गर्ल, सहावा थर चढवलास तर खालचा चेपेल. पाच लिही." मी पाच लिहिले. तिने साहेबापर्यंत काही जाऊ दिलं नाही. नाहीतर चाकणचे ते बारा सुपरवायझर! दुसऱ्याची चूक सापडली की यांची दिवाळी.

मग करोना आला. आमची कंपनी बंद झाली नाही, कारण हॉस्पिटलांना दिवे लागतात. दारात कपाळावर पिस्तूल धरून ताप बघायचे. मास्क, त्याच्यावर प्लास्टिकचा पडदा, आणि कँटीनच्या खुर्च्यांवर लाल पट्ट्या. मावशी आणि मी ट्रक लागतात तिथल्या दारात दोन मीटर अंतर ठेवून उभ्याने चहा प्यायचो. बाहेर पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, नुसतं ओलं. ती म्हणायची, "सॉफ्ट डे, गर्ल." मला ती ओली हवा तिथे पहिल्यांदा सोसवायला लागली.

तिथेच मी तिला परमिटचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू इथे बांधलेली. मी तर परमिटशिवायच एकतीस वर्षं बांधून घेतलं." आणि तिने मला तिचं सांगितलं. ती खरं तर वीसच्या उन्हाळ्यातच निवृत्त व्हायची होती. पण त्या वर्षी दोघांना निरोप दिला तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर. चौकोनाचौकोनांत तोंडं, एकाचा आवाज बंद, साहेबाचं दोन मिनिटांचं भाषण, झालं. मावशी म्हणाली, "मी पडद्यावरून जाणार नाही. कँटीन उघडू दे. सगळे उभे राहतील, माझा केक खातील, मी सगळ्यांसमोर चार शब्द बोलेन आणि पुढच्या दाराने जाईन." त्यासाठी तिने साहेबाला सांगून मुक्काम वाढवून घेतला होता. माणसं कमीच होती, त्यालाही बरंच झालं. बाकी तिला काही नको होतं. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झालेली, मुलगा ऑस्ट्रेलियात. एवढा एक निरोप तिला हवा होता, माणसांच्या तोंडावर.

त्या दिवाळीत मी तिला आइस्क्रीमच्या डब्यातून चिवडा दिला. दोन दिवसांनी डबा धुऊन, पुसून, रिकामा परत आला. मी हसत म्हटलं, "आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत हं. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, पण रिकामा नाही." तिने माझ्या हातातून डबा परत ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यात सहा स्कोन आले, तिने घरी भाजलेले गोडसर छोटे पाव. तेव्हापासून तो एकच डबा आमच्यात वर्षभर ये-जा करत राहिला. कधी शेंगदाण्याचे लाडू, कधी तिचा सोडा ब्रेड, कधी तिच्या परसातले बटाटे मातीसकट. एकदा घरात काही नव्हतं तर तिने खरंच साखर घालून पाठवली आणि मुद्दाम विचारलं, "चिमूट मोठी झाली का?"

एकवीसच्या जानेवारीत इंग्लंड युरोपातून बाहेर पडलं आणि आमच्या लेबलांची वाट लागली. छापखाना इंग्लंडात. तिथून येणारी रिळं बंदरात कागदपत्रांसाठी अडकली. दोन दिवस लाइन बंद. बल्ब तयार, खोकी तयार, वर लावायला लेबल नाही. साहेबाने मला सगळ्यांसमोर झापलं, "तुझ्याकडे शिल्लक काहीच कसं नाही?" वाः रे वाः! आदल्याच महिन्यात हाच बाबा म्हणाला होता की लेबलं फार वाया जातात, जास्तीची मागवू नकोस. मी छापखान्याला पुन्हा फोन लावला. पण मनात ठरवलं, यापुढे हातात आलेलं काही टाकायचं नाही.

आणि सप्टेंबरात टाकायचीच वेळ आली. दिव्यावर एक लेबल असतं, तो वीज किती खातो ते सांगणारं. जुन्या पद्धतीत आमचा बल्ब ए प्लस प्लस. युरोपने मोजमाप बदललं आणि तोच बल्ब, तीच वीज, तोच उजेड, एकदम एफ. एका रात्रीत नापास. शेडमध्ये सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. पुण्यात सीनियर इंजिनियर असलेली मी इथे येऊन प्लॅनर झाले होते, त्यामुळे आपण तेच असून एकदम खाली उतरणं कसं असतं ते मला ठाऊक होतं.

नियम असा, की लेबल बदललं की जुनी सगळी रिळं यंत्रात घालून त्यांच्या चिंध्या करायच्या आणि फॉर्म भरायचा. फॉर्मवर दोन सह्या. एक प्लॅनरची, एक साक्षीदाराची. एकवीस रिळं होती. एकेका रिळावर हजार लेबलं, कोरी करकरीत, गुळगुळीत. मावशी ढकलगाडी घेऊन आली. मी एकेक रीळ तिच्या हातात देत गेले. एकोणीस दिली. विसावं हातात घेतलं आणि हात पुढे जाईना.

काय सांगू, त्या क्षणी माझ्या डोक्यात काय काय आलं! जानेवारी आला. साहेबाचं ओरडणं आलं. आई तर आलीच. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, मला वाटलं, मुदतवाढ मिळेल. आपल्याकडे कुठल्या सरकारी तारखेला मुदतवाढ मिळाली नाही? शेवटच्या दिवशी रात्री कळतं, सहा महिने वाढवले. मग घाईघाईने फाडणारे तोंडावर पडतात आणि ठेवणारे शहाणे ठरतात. इथल्या लोकांना वाटतं तारीख म्हणजे तारीख. मला वाटलं, बघू या. मावशी पाठमोरी होऊन गाडीवर रिळं रचत होती तेवढ्यात दोन रिळं मी पिशवीत घातली, गाठ मारली आणि माझ्या टेबलामागच्या प्रेसमध्ये कागदांच्या गठ्ठ्याआड ठेवून दिली. असू दे, लागतील.

मावशीने गाडी ढकलत नेली, चिंध्या करून आली. मी फॉर्मवर लिहिलं, "एकवीस." सही केली. तिने मोजलं नव्हतं. मी लिहिलंय म्हटल्यावर तिने चष्मासुद्धा न लावता खाली सही ठोकली. "झालं, गर्ल?" म्हणाली. झालं, म्हटलं.

मुदतवाढ मिळाली नाही. त्याच सुमारास गणपती होते. मी नारळाच्या वड्या केल्या, मावशीसाठी तोच डबा भरला. वड्यांत काजू होते आणि इथे काजू-बदामांचं फार बघतात, म्हणून झाकणावर लिहायला काहीतरी हवं होतं. कामावर पोचल्यावर पिशवीतल्या रिळावरचं एक लेबल सोलून झाकणावर चिकटवलं, आणि त्याच्या कोऱ्या कडेला पेनाने लिहिलं, काजू आहेत. बघा, लागलं की नाही, असंही मला वाटलं. ही माझी अक्कल.

ऑक्टोबरात हॉलंडची एक ऑर्डर होती. लेबलं वाया घालवू नकोस असं पुन्हा सुरू झालं होतं, म्हणून मी मोजून मागवली होती. अगदी हिशेबात. आणि रीळ यंत्रात दोनदा फाटलं. गुरुवार होता, गुरुवारी मी घरून काम करायचे. लेकीला खोकला झाला म्हणून शाळेने घरी पाठवलेलं, तिच्या टेस्टचा निकाल यायचा होता, नवरा औषधाच्या दुकानात गेलेला. मावशीचा फोन आला. "गर्ल, लेबलं संपली. तुझ्या प्रेसमध्ये पिशवीत दोन रिळं दिसतायत, ती लावू का?" लेक खोकत होती. मी इथल्या लोकांसारखं म्हटलं, "हो हो, लाव, ग्रँड." आणि फोन ठेवला.

अर्ध्या-पाऊण तासाने चहाला आधण ठेवलं आणि हातातलं भांडं तसंच राहिलं. कुठली रिळं? पिशवीतली. गाठ मारलेली.

इथे मी स्वतःला कितीतरी वेळा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आहे. एक फोन करायचा होता. फक्त एक. "मावशे, थांबव लाइन." पण मग ती विचारणार, का? मग सांगावं लागणार, की ती जुनी आहेत, मी ठेवली होती, फॉर्मवर खोटं लिहिलं होतं. मोकळं कार्ड मिळायला पाच आठवडे राहिले होते. मी मनाला समजावलं, की ती बघेल, तिला कळेल, एकतीस वर्षांची बाई आहे. पण लेबलाचा आकार तोच, बारकोड तोच, फक्त कडेचं अक्षर वेगळं. तिच्या तोंडावर वाफ धरलेला प्लास्टिकचा पडदा. आणि तिने मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं. ती कशाला बघेल? मी चहात साखर घातली, लेकीला वाफ दिली आणि फोन केला नाही.

बारा दिवसांनी हॉलंडहून माल परत आला. तिथल्या गोदामात कुणीतरी खोकं हातात घेतलं आणि ए प्लस प्लस वाचलं. साहेब शेडच्या मध्यभागी उभा राहून म्हणाला, ज्याच्यामुळे झालं तो जाईल, मग तो कुणीही असो. माझी पाचावर धारण बसली. दोन रात्री झोप नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते हेच. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काही बोलू नकोस. विचारतील तेवढंच उत्तर दे."

चौकशी झाली वरच्या खोलीत. साहेब, ऑफिसातली एक बाई, मावशी आणि मी, चौघांच्या खुर्च्या लांब लांब. टेबलावर तो फॉर्म. दोन सह्या. साहेबाने आधी मला विचारलं, "यावर एकवीस रिळं नष्ट केली असं लिहिलंय. मग दोन लाइनवर आली कुठून?"

मी म्हटलं, "जुनी रिळं मी हिच्या हातात दिली होती. चिंध्या करायला."

खोटं नव्हतं ते. एकोणीस दिली होती की. 

साहेब मावशीकडे वळला. मी तिच्याकडे न बघता तिच्या हातांकडे बघत होते. आता ती फोनचं सांगेल, मी वाट बघत होते. तिच्या मोबाइलमध्ये माझ्या नावाचा कॉल होता, वेळेसकट. पिशवी कुणाच्या प्रेसमधून काढली तेही ती सांगू शकत होती. आणि खरं सांगते, एका बाजूने मला वाटत होतं, सांगावं तिने. सांगून टाकावं आणि मला मोकळं करावं.

मावशीने मास्क नीट केला. म्हणाली, "हो. हिने मला दिली होती."

"मग?"

"मग काय. मी बघायला हवं होतं. बघितलं नाही."

साहेबाने अजून दोन-तीन प्रश्न विचारले. ती प्रत्येक वेळी तेच म्हणाली. मधे एकदा तिने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. सहावा थर लिहिला होता तेव्हा जशी कागदाकडे बघत होती, तशी बघत होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आम्ही लहानपणी निबंधात लिहायचो, एका मार्काला. ऑफिसातल्या बाईने मावशीला सांगितलं, इतक्या वर्षांची नोकरी लक्षात घेऊन गाजावाजा करणार नाही, आजच शांतपणे गेलात तर बरं. आणि त्याच आठवड्यात कँटीनच्या खुर्च्यांवरच्या लाल पट्ट्या काढल्या होत्या. टेबलं पुसून ठेवली होती. माझ्या टेबलावरून मला दिसत होतं. मावशी हातात एक पिशवी, खांद्यावर कोट, ट्रक लागतात त्या दाराने गेली. लाइन चालू होती. कुणी मान वर केली नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. मला माहीत होतं. मीही केली नाही. म्हणजे केली, ती गेल्यावर.

घरी आले. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस. ती तशीही जाणारच होती."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! "जाणारच होती? अरे, कशी जाणार होती ते माहीत आहे का तुला? केक कापून जाणार होती ती. पुढच्या दाराने!" मी इतकी ओरडले की लेक जिन्यावर येऊन उभी राहिली. तो बिचारा तिला वर घेऊन गेला. त्याचं काय चुकलं? त्या खोलीत मी मनात हेच म्हणत होते, अगदी याच शब्दांत. त्याच्या तोंडून ऐकलं म्हणून तेवढा संताप.

आईला फोनवर काही सांगितलं नाही. ती तिकडून विचारत होती, "ती तुझी गोरी मावशी बरी हाय न्हवं? दिवाळीचं दिलंस का तिला?" म्हटलं, देते. दिलं नाही. चकल्या केल्या, त्या नवऱ्याने आणि लेकीने खाल्ल्या. दोनदा मावशीच्या नंबरावर बोट ठेवलं. जो फोन तेव्हा केला नाही तो आता करून काय बोलणार? सॉरी? इथले लोक दारात धक्का लागला तरी सॉरी म्हणतात.

साहेबाने मला बोलावून म्हटलं, नवीन फॉर्म कर, साक्षीदाराने रिळं मोजलीच पाहिजेत असा. मी केला. चांगला केला, चौकटी वगैरे आखून. त्याने सगळ्यांना दाखवला आणि माझं कौतुक केलं.

नोव्हेंबराच्या मध्यावर माझं कार्ड आलं. नवऱ्याने केक आणला होता. मी म्हटलं, केक कशाला आणलास? तो म्हणाला, अगं, कार्ड आलं ना. मी एक तुकडा खाल्ला. चॉकलेटचा होता.

पुढच्या आठवड्यात गेटवरच्या रखवालदाराने मला हाक मारली. कुणीतरी माझ्यासाठी काही ठेवून गेलं होतं. त्याने खालून पिशवी काढली. आइस्क्रीमचा डबा. मी तो घरी येईपर्यंत उघडला नाही. बसमध्ये मांडीवर धरून बसले. झाकणावर लेबल तसंच होतं, गरम पाण्याने एक कोपरा उचललेला. ए प्लस प्लस, आणि कडेला माझ्या अक्षरात, काजू आहेत. सप्टेंबरापासून ते तिच्या घरात होतं. चौकशीच्या दिवशीही होतं. हा डबा त्या टेबलावर नुसता ठेवला असता तर तिला तोंडसुद्धा उघडावं लागलं नसतं.

घरात शिरले तशी लेक धावत आली. तिला तो डबा ओळखीचा होता. त्यात कायम काहीतरी गोड असायचं, मला कोट काढायचीही उसंत न देता ती झाकण उघडायची. तिने उघडलं, आत बघितलं, मग डबा उलटा करून बघितला.

"इट्स एम्प्टी, आई," ती म्हणाली.

डबा स्वच्छ धुतलेला होता. कोपऱ्यांतसुद्धा साखरेचा एक दाणा नव्हता.